जुन्या डिझेल गाडीच्या इंजिनातील खटखट : तिचे निदान व उपाय

कोकणातील आंबा बागायतदाराच्या वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा भाग मार्च ते मे या तीन महिन्यांत हाती येतो. फळ एकदा तयार झाले की ते कोणासाठी थांबत नाही. उतरवलेला आंबा वेळेवर पेटीत भरला गेला पाहिजे व पेटी वेळेवर बाजारास लागली पाहिजे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील हापूस आंब्यास सन २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मानांकनाचा लाभ, माल सुस्थितीत व वेळेवर बाजारात पोचला तरच मिळतो. यासाठी बागेतील झाडाइतकीच दारातील गाडीही धडधाकट असावी लागते.

कुडाळ तालुक्यातील कसाल हे गाव या दृष्टीने मोक्याच्या ठिकाणी वसले आहे. पूर्वी १७ व आता ६६ हा क्रमांक असलेला मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग येथून जातो आणि मालवणकडे जाणारा रस्ता येथेच फुटतो. आसपासच्या वाड्यांतील आंबा, काजू, नारळ, कोकम, भात व चिरेखाणीतील जांभा दगड, तसेच मालवण किनाऱ्याकडील मासळी या वाटेने ये-जा करते. ही वाहतूक करणाऱ्या छोट्या मालवाहू गाड्यांपैकी पुष्कळ गाड्या जुन्या असतात. तीन-चार लाख किलोमीटर धावलेली गाडी अजून रोज ओझे वाहत असल्याचे दिसते. अशा गाडीच्या इंजिनातून एखाद्या दिवशी खटखट असा नवीन आवाज येऊ लागतो. तो ऐकून मालक दोन चुकांपैकी एक करतो. एक तर आवाजाकडे दुर्लक्ष करून हंगाम ढकलण्याचा प्रयत्न करतो, नाही तर घाबरून चांगले इंजिन विनाकारण उघडावयास लावतो. पहिल्या चुकीत इंजिन जाते, दुसरीत पैसा जातो. या दोन्ही चुका टाळण्याचा मार्ग म्हणजे पद्धतशीर निदान. ते कसे करावे याची माहिती या लेखात दिली आहे.

खटखटीचे दोन प्रकार

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने आपले इंजिन सन १८९७ मध्ये यशस्वीपणे चालवून दाखविले. पेट्रोल इंजिनाप्रमाणे यात ठिणगी नसते. नळकांड्यातील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळावा ते बाविसावा हिस्सा होईपर्यंत दाबली जाते. या दाबाने हवा ५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापते आणि तीत नोझलमधून डिझेलचा फवारा उडताच ते आपोआप पेट घेते. मात्र फवारा उडणे व पेट घेणे यांत किंचित वेळ जातो. हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका अल्प असतो. तेवढ्या वेळात साचलेले डिझेल एकदम भडकते आणि दट्ट्यावर अकस्मात दाब पडून आवाज होतो. डिझेल इंजिनाचा नेहमीचा टकटक आवाज तो हाच. शेतातील पंपाच्या इंजिनाचा ठेका ज्याच्या कानात बसला आहे, त्याला हा आवाज वेगळा सांगावयास नको.

काही कारणाने हा वेळ लांबला, तर अधिक डिझेल साचते, भडका मोठा होतो व आवाज कर्कश बनतो. ही ज्वलनाची खटखट होय. थंड इंजिन, निकृष्ट अगर भेसळीचे डिझेल, ठिबकणारे नोझल, ठरलेल्या क्षणाअगोदर होणारी डिझेलची फवारणी आणि कमी झालेला हवेचा दाब ही तिची मुख्य कारणे आहेत.

दुसरा प्रकार झिजेच्या खटखटीचा. दट्ट्या वरखाली होतो व क्रँक गोल फिरतो. या दोघांना जोडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या, दोन्ही टोकांना बेअरिंग असतात. बेअरिंग व क्रँक यांच्यामध्ये साधारणपणे माणसाच्या केसाच्या जाडीइतकी फट असते आणि त्या फटीत दाबाखाली असलेल्या वंगण तेलाचा थर असतो. तेलाचा हा थर आहे तोपर्यंत धातू धातूला लागत नाही. झिजेमुळे फट वाढली किंवा तेलाचा दाब उतरला की थर तुटतो आणि प्रत्येक फेऱ्यात धातूवर धातू आपटू लागतो.

पहिल्या प्रकारची खटखट बहुधा इंजिन न उघडता दूर करता येते. दुसऱ्या प्रकारात मात्र गाडी चालवणे ताबडतोब थांबवावे लागते. यास्तव आवाज कोणत्या प्रकारचा आहे हे ठरविणे हीच निदानाची पहिली पायरी होय.

या भागात इंजिन लवकर का झिजते

कोकणच्या परिस्थितीत जुन्या इंजिनावर चार गोष्टींचा विशेष ताण पडतो.

पहिली गोष्ट धूळ. चिरेखाणीच्या व बागेच्या कच्च्या रस्त्यांवर उन्हाळ्यात जांभ्याची बारीक तांबडी धूळ उडते. हवेची गाळणी फाटकी असेल किंवा तिची रबरी नळी चिरलेली असेल, तर ही धूळ नळकांड्यात शिरून रिंगा व लाइनर झिजवते.

दुसरी गोष्ट घाट. फोंडा, करूळ किंवा आंबोली घाट चढताना गाडी भरलेली असते. चालक गिअर बदलण्याचा आळस करतो व इंजिन मंद गतीत ओढत ठेवतो. अशा वेळी बेअरिंगवर सर्वाधिक भार पडतो आणि गती कमी असल्याने तेलाचा दाबही कमी असतो.

तिसरी गोष्ट थोड्या अंतराच्या फेऱ्या. वाडीतून कसालच्या नाक्यापर्यंत व परत, एवढ्याच फेऱ्या केल्यास इंजिन पुरते तापत नाही. दमट हवेतील बाष्प व न जळलेले डिझेल वंगण तेलात उतरते आणि तेल पातळ व निकस होते.

चौथी गोष्ट पाणी. पावसाळ्यात व्हाळाचे पाणी कॉजवेवरून वाहत असताना गाडी घातली, तर हवेच्या नळीतून पाणी आत ओढले जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. दट्ट्या पाण्यावर आदळतो व कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी पुढे चालू झाली तरी खटखट करीत राहते. पाण्यात बंद पडलेली गाडी म्हणूनच पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. ती ओढून बाहेर काढावी आणि नोझल काढून नळकांड्यातील पाणी निपटून टाकल्यावरच इंजिन फिरवावे.

प्रथम विचारावयाचे प्रश्न

वैद्य नाडी धरण्यापूर्वी रोग्याची हकीकत विचारतो. इंजिनाच्या बाबतीतही तसेच करावे. आवाज केव्हापासून येतो? हळूहळू वाढला की एकाएकी सुरू झाला? सकाळी थंड असताना अधिक असतो की गाडी तापल्यावर? शेवटचे डिझेल कोठे भरले? वंगण तेल केव्हा बदलले व मध्यंतरी किती वेळा वरून घालावे लागले? गाडी कधी पाण्यात गेली होती काय? नजीकच्या काळात नोझल, डिझेल पंप अगर हेड यांचे काही काम झाले होते काय?

या उत्तरांवरून अर्धे निदान होते. डिझेल भरल्यानंतर लगेच सुरू झालेला आवाज बहुधा डिझेलचाच असतो. पंपाचे काम केल्यानंतर सुरू झालेला आवाज बहुधा फवारणीची वेळ चुकल्याचा असतो. महिनोन्महिने वाढत गेलेला व गाडी तापल्यावर जोर धरणारा आवाज बहुधा झिजेचा असतो.

इंजिन बंद असताना पाहणी

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन निवू द्यावे. नंतर पुढील क्रमाने पाहावे.

१. तेलपट्टी काढून वंगण तेलाची पातळी पाहावी. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल, तर इंजिन चालू न करता प्रथम योग्य तेल भरावे.

२. तेल बोटावर घेऊन पाहावे. डिझेलचा वास येत असेल व तेल पाण्यासारखे पातळ असेल, तर डिझेल तेलात उतरत आहे असे समजावे. तेल ताकासारखे पांढुरके असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे.

३. रेडिएटरमधील पाणी पाहावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

४. इंजिनाच्या बैठकीचे रबर, सायलेन्सरचे पट्टे, पंख्याचा पट्टा व पुढील पुली हलवून पाहावी. तुटलेल्या रबरामुळे इंजिन चौकटीवर आपटते व ती खटखट इंजिनाच्या आतून येत असल्याचा भास होतो. एका रबराच्या किमतीत मिटणाऱ्या दुखण्यासाठी इंजिन उघडले गेल्याचे प्रकार घडतात.

५. नोझलच्या बुडाशी काळे ओघळ आहेत काय हे पाहावे. नोझल सैल असेल किंवा त्याखालील तांब्याचे वायसर खराब असेल, तर तेथून दाब निसटतो व फटफट आवाज येतो.

६. हवेची गाळणी उघडून तपासावी.

चालू इंजिन ऐकण्याची रीत

इंजिन मोकळ्या जागेत चालू करावे. बंद खोपीत चालू केल्यास विषारी धूर साचतो. सैल कपडे, उपरणे व पदर पंख्यापासून दूर ठेवावेत.

एखादा लांब पेचकस किंवा सुकी लाकडी काठी घ्यावी. तिचे एक टोक इंजिनाच्या न हलणाऱ्या भागावर टेकवावे व दुसरे टोक कानाजवळच्या हाडाशी धरावे. प्रथम वरचे झाकण, मग हेड, मग नळकांड्यांची बाजू, शेवटी खालचे तेलपात्र, असे वरून खाली क्रमाने ऐकत जावे. आवाज जेथे सर्वांत स्पष्ट ऐकू येतो तेथेच त्याचे मूळ शोधावे.

आवाजाचा ठेकाही ध्यानात घ्यावा. चार फेऱ्यांच्या इंजिनात झडपा क्रँकच्या निम्म्या गतीने उघडतात. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर एका झडपेचा आवाज मिनिटाला ४०० वेळा होतो. वरच्या बाजूस, हलका व इंजिनाच्या गतीच्या मानाने संथ असा टिकटिक आवाज बहुधा टॅपेटचा असतो. खालच्या बाजूस, जड व द्रुत ठेक्याचा आवाज बहुधा बेअरिंगचा असतो.

यानंतर अ‍ॅक्सिलरेटर मध्यम गतीपर्यंत दाबून एकदम किंचित सैल सोडावा. बिग-एंड बेअरिंग झिजले असेल, तर दांड्यावरील ताण व दाब यांची अदलाबदल होताना, म्हणजे नेमके याच क्षणी, कडकड असे स्पष्ट ऐकू येते. ज्वलनाची खटखट याउलट अ‍ॅक्सिलरेटर दाबताना वाढते व सोडताच थांबते, कारण त्या वेळी डिझेलच बंद झालेले असते.

क्लच दाबून पाहावा. आवाज बदलला तर क्लचचे बेअरिंग, फ्लायव्हील किंवा क्रँकची पुढेमागे होणारी हालचाल तपासावी. इंजिन बंद करून पंख्याचा पट्टा उतरवावा व केवळ अर्धा मिनिट इंजिन चालवावे. आवाज नाहीसा झाल्यास दोष पाण्याच्या पंपात अगर डायनामोत आहे, इंजिनात नाही.

तेलाच्या दाबाचा काटा किंवा दिवा सर्वांत महत्त्वाचा होय. दाब किती असावा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. गरम इंजिन मंद गतीत असताना तेलाचा दिवा लुकलुकत असेल व त्याच वेळी खालून जड आवाज येत असेल, तर पुढील परीक्षा न करता इंजिन बंद करावे.

नोझल सैल करून परीक्षा

कोणत्या नळकांड्यात दोष आहे हे ठरविण्याची ही जुनी व खात्रीची रीत आहे. मात्र ती केवळ जुन्या पद्धतीच्या, म्हणजे पंपापासून प्रत्येक नोझलला स्वतंत्र नळी असलेल्या इंजिनावरच करावी. ज्या नव्या गाड्यांत कॉमन रेल पद्धत आहे, त्यांच्या नळीत डिझेलचा दाब एक हजार बारहूनही पुष्कळ अधिक असू शकतो. तेथे चालू इंजिनात नट सैल करणे प्राणघातक ठरू शकते. जुन्या पद्धतीतही डिझेलची बारीक चिळकांडी कातडी भेदून शरीरात शिरते. अशी इजा वरून क्षुल्लक दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे. परीक्षा करताना चष्मा लावावा, हात नटाच्या समोर धरू नये व हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करवून घ्यावे.

इंजिन मंद गतीत ठेवून पहिल्या नोझलच्या नळीचा नट अर्धा फेरा सैल करावा, आवाज ऐकावा व नट पुन्हा आवळावा. याप्रमाणे एकेक नळकांडे तपासावे. त्याचे फल असे :

आवाज पूर्णपणे गेला, तर त्या नळकांड्यातील ज्वलनात दोष असण्याचा संभव अधिक.

आवाज मंदावला पण गेला नाही, तर त्या नळकांड्याचे बिग-एंड बेअरिंग संशयास्पद.

शेजारच्या दोन नळकांड्यांपैकी कोणतेही बंद केले तरी आवाज कमी होतो, तर त्यांच्यामधील मेन बेअरिंग संशयास्पद.

आवाज दुहेरी व अधिक स्पष्ट झाला, तर दट्ट्याची पिन सैल असण्याचा संभव.

काहीच फरक पडला नाही, तर टॅपेट, दंतचक्रे किंवा बाहेरचा एखादा भाग तपासावा.

पहिल्या दोन फलांत कधीकधी संभ्रम पडतो. तो दूर करण्यासाठी संशयित नळकांड्याचे नोझल शेजारच्या नोझलशी अदलाबदल करावे व तांब्याची वायसरे नवी घालावीत. आवाज नोझलबरोबर दुसऱ्या नळकांड्यात गेला, तर दोष नोझलचा. आवाज जागच्या जागीच राहिला, तर दोष त्या नळकांड्यात, बेअरिंगमध्ये किंवा फवारणीच्या वेळेत. या एका परीक्षेने मोठा खर्च वाचू शकतो.

लक्षणांवरून ओळख

थंड इंजिनात ठकठक व तापल्यावर आवाज नाहीसा : दट्ट्या व लाइनर यांतील फट वाढली आहे. घाई नाही, पण लक्ष ठेवावे.

सर्व नळकांड्यांतून सारखाच कर्कश आवाज : डिझेल निकृष्ट किंवा फवारणी अगोदर होते.

एकाच नळकांड्यातून कर्कश आवाज व काळा धूर : नोझल ठिबकते किंवा त्याची सुई अडकते.

कर्कश आवाज, सकाळी चालू होण्यास वेळ व पांढरा धूर : हवेचा दाब कमी. रिंगा किंवा झडपा तपासाव्यात.

निळा धूर, तेल भरण्याच्या तोंडातून जोराची वाफ : रिंगा झिजल्या असून तेल जळत आहे.

खालून जड आवाज, तापल्यावर अधिक, तेलाचा दाब कमी : बेअरिंग. गाडी थांबवावी.

ओझे ओढताना इंजिनाच्या अगदी खालच्या भागातून घुमणारा धप् धप् आवाज : मेन बेअरिंग. गाडी थांबवावी.

सारखा आवाज, निराळे कारण

निदानाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एप्रिल महिन्यात कसालच्या परिसरातील दोन बागायतदारांच्या एकसारख्या जुन्या मालवाहू गाड्या खटखट करू लागल्या. दोन्ही गाड्या चार लाख किलोमीटर धावलेल्या आहेत आणि दोघांच्याही पेट्या बागेत भरून तयार आहेत.

पहिल्या गाडीचा आवाज सकाळी सर्वांत जास्त असतो व तापल्यावर थोडा कमी होतो. तेलाचा दाब ठीक आहे. मागून काळा धूर येतो. दुसऱ्या नळकांड्याचा नट सैल करताच आवाज पूर्ण थांबतो. नोझलची अदलाबदल करताच आवाज तिसऱ्या नळकांड्यात जातो. दोष नोझलचा ठरतो. नोझल दुरुस्त करून योग्य दाबास बसविले की गाडी त्याच दिवशी कामाला लागते. मालकाने भीतीपोटी इंजिन उघडावयास लावले असते, तर हंगामाचा आठवडा हकनाक गेला असता.

दुसऱ्या गाडीचा आवाज सकाळी कमी व मालवणहून परतताना अधिक असतो. दर थोड्या दिवसांनी तेल वरून घालावे लागते. गरम इंजिनात तेलाचा दिवा लुकलुकतो. तिसरे नळकांडे बंद केले असता आवाज मंदावतो, पण जात नाही. नोझल बदलले तरी आवाज तिसऱ्यातच राहतो. तेल स्वच्छ फडक्यातून गाळले असता तांबूस चमकदार कण सापडतात. ते लोहचुंबकाला चिकटत नाहीत. लोखंडाचे कण चिकटले असते. न चिकटणारे तांबूस कण बेअरिंगच्या धातूचे असतात. आता शंकेस जागा उरत नाही.

या मालकापुढे दोन वाटा आहेत. पेट्या दुसऱ्याच्या गाडीतून भाड्याने पाठवाव्यात व आपली गाडी जागेवरच ठेवून तेलपात्र उघडावे, ही एक वाट. भाडे भुर्दंडाचे वाटते, हे खरे. परंतु या अवस्थेत क्रँकवर ओरखडे नसल्यास केवळ बेअरिंगच्या नव्या वाट्या बसवून भागते. ओरखडे असल्यास क्रँक ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर घासून त्या मापाच्या वाट्या बसवता येतात. दुसरी वाट म्हणजे एवढी एक खेप टाकून येण्याची. भरल्या गाडीने घाट चढताना वाटी फिरते, क्रँक जळतो, बोल्ट तुटतो व कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग क्रँक गेला, ब्लॉक गेला, गाडी घाटात अडकली आणि पेट्यांतील आंबा उन्हात तापत राहिला. एका खेपेचे भाडे वाचवताना इंजिन व माल दोन्ही गेले.

बेअरिंग बदलताना ते का झिजले हेही शोधावे. तेलाचा पंप, त्याची जाळी, दाब राखणारी झडप व तेलाच्या वाटा तपासल्या नाहीत, तर नवी वाटीही थोड्याच दिवसांत वाजू लागेल.

काही गैरसमज

जाड तेल घातले की आवाज जातो, असा एक समज आहे. जाड तेलाने आवाज काही दिवस दबतो, पण फट कमी होत नाही. उलट थंड इंजिनात जाड तेल वरपर्यंत पोचण्यास उशीर लागून झीज वाढते. इंजिन उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरावे.

डिझेलमध्ये थोडे रॉकेल मिसळल्यास काही बिघडत नाही, हाही समज चुकीचा आहे. रॉकेल उशिरा पेट घेते, त्यामुळे खटखट वाढते. शिवाय डिझेल पंप व नोझल यांना वंगण डिझेलपासूनच मिळते. रॉकेलात ते अपुरे असल्याने हे महागडे भाग झिजतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ प्रतीचे डिझेल मिळते. त्याची पेट घेण्याची क्षमता दर्शविणारा सीटेन अंक किमान ५१ असावा असे प्रमाण आहे. असे इंधन उपलब्ध असता त्यात भेसळ करणे म्हणजे आपल्याच इंजिनाचे नुकसान करणे होय.

जुने इंजिन वाजायचेच, हा तिसरा समज सर्वांत घातक. जुन्या इंजिनाचा नेहमीचा आवाज मालकाच्या ओळखीचा असतो. त्यात नवा आवाज मिसळला, तर तो सूचना आहे असे मानावे.

हंगामापूर्वीची तयारी

आंब्याची गाडी मार्चमध्ये धावणार असेल, तर तिची तपासणी फेब्रुवारीतच करावी. वंगण तेल व त्याची गाळणी बदलावी. जुने तेल फडक्यातून गाळून धातूचे कण पाहावेत. हवेची गाळणी स्वच्छ करावी किंवा बदलावी. टॅपेटची फट पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. नोझल काढून तपासून घ्यावेत. डिझेलच्या गाळणीतील पाणी काढावे. इंजिनाच्या बैठकीचे रबर पाहावे. पावसाळ्यानंतर हीच तपासणी पुन्हा करावी.

गाडीसाठी एक लहान नोंदवही ठेवावी. तीत किलोमीटर, तेल बदलल्याची तारीख, वरून घातलेले तेल व केलेली दुरुस्ती लिहावी. तेल पूर्वीपेक्षा अधिक लागू लागले, ही गोष्ट वहीत लिहिली तरच कळते; केवळ स्मरणावर विसंबल्यास कळत नाही. गाडीला योग्यता प्रमाणपत्र मिळवतानाही ही वही उपयोगी पडते, कारण कोणते काम केव्हा झाले हे तीवरून दाखविता येते.

घाट चढताना इंजिन गुदमरू लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. गाडी चालू करताच ओझे ओढू नये. तेल वरपर्यंत पोचण्यास थोडा अवधी द्यावा. लांबच्या चढणीनंतर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर मंद गतीत चालू ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या विषयाचे प्रात्यक्षिक सहज करून दाखवता येते. हंगामापूर्वी गावातील पाच-सहा गाड्या एका ठिकाणी आणवाव्यात. एक जाणता मिस्त्री बोलवावा. प्रत्येक चालकाला पेचकसाच्या आधाराने निरोगी इंजिन वरून खाली ऐकावयास सांगावे. निरोगी आवाज ओळखीचा झाल्याशिवाय रोगट आवाज ओळखता येत नाही. तेल फडक्यातून गाळून कण पाहण्याची रीतही प्रत्यक्ष दाखवावी. तिला कोणतेही यंत्र लागत नाही. शेतातील पंपाची व मच्छिमार होड्यांची डिझेल इंजिने याच तत्त्वावर चालत असल्याने हे ज्ञान तेथेही उपयोगी पडेल. मात्र निदान झाल्यावर दुरुस्तीचे काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे, असे आवर्जून सांगावे.

सारांश

१. नवा आवाज ऐकताच प्रथम तेलाची पातळी व तेलाचा दाब पाहावा.

२. थंड असताना जास्त वाजणारे इंजिन सवडीने तपासता येते. तापल्यावर जास्त वाजणारे इंजिन ताबडतोब थांबवावे.

३. स्वस्त कारणे आधी तपासावीत : डिझेल, नोझल, रबर, पट्टा. इंजिन सर्वांत शेवटी उघडावे.

४. नोझल सैल करण्याची परीक्षा केवळ जुन्या पद्धतीच्या इंजिनावर व जाणत्या मिस्त्रीकडूनच करवावी.

५. बेअरिंगचा दोष ठरल्यावर एकही खेप करू नये. माल दुसऱ्या गाडीने पाठवावा.

६. आवाज बंद झाला म्हणून समाधान मानू नये. तो कशामुळे झाला हे कळल्यावरच काम पुरे झाले असे समजावे.